कृपेच्या राजासनाजवळ जाताना

नागपुरात सदर असो, मेकोसाबाग असो की मोहननगर, घरसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “पास्टर, तुम्हीच करा नं प्रार्थना. आमचं कुठं ऐकते देव!” बोलणारा मनापासून नम्र असतो, पण त्यामागचा हिशेब चुकलेला असतो. देव माझं ऐकेल की नाही हे माझा गेला आठवडा कसा गेला यावर ठरतं, असा तो हिशेब. आठवडा बरा गेला तर प्रार्थना जोरात. घरात भांडण झालं, पुन्हा दारू घेतली, रविवारची उपासना चुकली, की प्रार्थनाच बंद. म्हणजे गरज सर्वांत मोठी असते नेमकं तेव्हाच आपण लांब राहतो.

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं 4:16 बहुतेकांना पाठ असतं. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा, असं ते सांगतं. या धैर्याचं कारण मात्र त्याआधीच्या दोन वचनांत आहे आणि ती कोणी फारशी वाचत नाही. आपला प्रमुख याजक येशू स्वर्गात गेला आहे. सर्व प्रकारे त्याची पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला, आणि आपल्या दुर्बलतेबद्दल त्याला सहानुभूती आहे. धैर्य उभं आहे ते यावर.

याचं वजन कळण्यासाठी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16 वा अध्याय सावकाश वाचावा. परमपवित्रस्थानात, म्हणजे दर्शनमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) सर्वांत आतल्या भागात, फक्त प्रमुख याजकाने जायचं, तेही वर्षातून एकाच दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला. आधी स्नान, मग साधी तागाची वस्त्रं. स्वतःच्या आणि घराण्याच्या पापांसाठी गोऱ्ह्याचा बळी. धूपाच्या धुराने दयासन (तिथल्या पवित्र पेटीचं झाकण) झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर मरण. मग दयासनासमोर बोटाने सात वेळा रक्त शिंपडायचं. तोवर दर्शनमंडपात दुसरा माणूस नको. आणि पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातला परमपवित्रस्थानासमोरचा पडदा वरून खालपर्यंत फाटला, असं मार्क 15:38 सांगतो. इब्री 10:19-22 मध्ये त्याच वाटेने आत या असं बोलावणं आहे, आणि ते सगळ्या मंडळीला आहे, एकट्या पाळकाला नव्हे.

“येशूच्या नावाने, आमेन” हे शब्द आपण शेवटी घाईने उरकतो. सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत ज्याची ओळख सांगून आपण आत शिरतो, त्याचं नाव आपण दारातच घेतो. प्रार्थनेतही ते सुरुवातीला मनात धरून बसावं: “प्रभू, मी येशूमुळे आलो आहे.”

आता प्रत्यक्ष. सुरुवातीला 15 मिनिटं पुरतात. मे महिन्यात नागपुरात उन्हं चढायच्या आत, पहाटे साडेपाचला बसणं सोपं जातं. आधी एक लहान स्तोत्र मोठ्याने वाचा. 13 वं घ्या; सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा “कोठवर?” विचारतो. देवाशी इतकं सरळ बोलता येतं हे तिथे कळतं. मग पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, तीही पापाचं नाव घेऊन. “काही चुकलं असेल तर क्षमा कर” यात काहीच कबूल होत नाही. “काल बायकोला खोटं सांगितलं” असं म्हणा, 1 योहान 1:9 हे क्षमेचं वचन वाचा आणि तिथेच थांबा. तेच पाप रोज उकरत राहणं हा पश्चात्ताप नव्हे; क्षमेवर विश्वास बसलेला नाही, एवढंच त्यातून दिसतं. मात्र कोणाशी वैर असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी त्याच्याकडे जावं लागतं. ते टाळून प्रार्थना लांबवली की ती आतून कोरडी पडते.

मागणी एका वाक्यात, ठळक. “मुलाला आशीर्वाद दे” याऐवजी “गुरुवारच्या गणिताच्या पेपरात त्याचं मन शांत ठेव.” वहीत तारीख आणि मागणी लिहा, शेजारी जागा रिकामी सोडा.

शब्द सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना एकेका ओळीवर थांबत म्हणा. ती येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला, आणि पुढे याच प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवलं. त्या प्रार्थनेत देवाचं नाव, राज्य आणि इच्छा आधी येतात, भाकर नंतर. तिची सुरुवात “पित्या” या हाकेने होते, म्हणून भाकर मागायलाही संकोच नको.

दुसऱ्या टोकाची चूकही आपल्याकडे फार पसरली आहे: विश्वासाने मागितलं म्हणजे मिळालंच, नाही मिळालं तर विश्वास कमी. हे आजारी माणसावर क्रूर आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने तेच शब्द घेऊन तीनदा प्रार्थना केली, आणि दुःखाचा प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. 1 योहान 5:14 मधला भरवसाही त्याच्या इच्छेप्रमाणे मागण्याचा आहे. म्हणून बेधडक मागा, उत्तर मात्र त्याच्यावर सोडा.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, वॉर्डात कोणासाठी प्रार्थना करायची झाली तर आधी रुग्णाला विचारा, मग त्याचं नाव घेऊन मिनिटभर, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरही आजारीच माणूस असतो. बरं होण्याचं वचन आपल्या पदरचं देऊ नका, आणि गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका.