जुन्या ट्रॅक्टरचं थंडीतलं ऑइल: वीस-पन्नासवरून पंधरा-चाळीसवर

मागच्या डिसेंबरात एका पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात ट्रॅक्टरनं संत्रा न्यायचा होता. ट्रॉली रात्रीच भरून ठेवली होती. साडेपाचला सेल्फ मारला तर इंजिन 'घुर्र' करून अर्ध्यावरच अडकलं. तिसऱ्या वेळी कसंबसं सुरू झालं, पण ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलेना. मी मनात आकडे मोजत होतो. अकरावर आल्यावर काटा उचलला. जुन्या डिझेल इंजिनचं काम ज्यानं एकदा तरी काढलंय, त्याला ते अकरा सेकंद काय असतात हे सांगावं लागत नाही. वरचे रॉकर आणि बेअरिंगं तेवढा वेळ नव्या ऑइलची वाट बघत घासत असतात.

आमचं वावर कळमेश्वरच्या पुढे. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, २००९ चा, अवरमीटरवर तेव्हा ८,९०० तास. रिंग-पिस्टन एकदा बदललेत. नागपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. नाल्याकाठच्या वावरात उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडाला ती थंडी घरातल्यापेक्षा जास्त लागते.

तेव्हा इंजिनात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल होतं. ते का होतं, ते आधी सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात रोटाव्हेटर चालवताना इंजिन तापलं की आयडलला काटा खाली पडायचा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इंजिन म्हातारं झालं. जाड तेल टाका, वीस-पन्नास. काटा खाली येनार नाही." टाकलं, आणि काटा खरंच वर राहिला. त्यानं वाईट सल्ला दिला असं मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये मात्र वेगळंच दिसलं. मी काडी काढून लेव्हल बघत होतो, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मी तर एक थेंब भरला नव्हता. काडी नाकाशी नेली, डिझेलचा वास. एक थेंब वर्तमानपत्रावर सोडला आणि तासाभरानं बघितलं: मधे काळा ठिपका, आणि भोवती पिवळसर ओलं कडं लांबवर पसरलेलं. टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचं डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलं होतं. डिझेल आतून थेट इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. मे महिन्यात ऑइल पातळ पडत होतं ते त्यामुळेच, इंजिनच्या वयामुळे नव्हे. डायफ्राम बदललं, चेंबर रिकामा केला, आणि नवीन ऑइल पुन्हा वीस-पन्नासच भरलं. आता जाड ऑइलची गरज उरली आहे का, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

डिसेंबरात हा सगळा हिशेब डोक्यात आला. मेहुण्याला फोन केला. तो फौजेत असताना लेहला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. तो म्हणाला, "भाऊजी, सरळ पाच-चाळीस सिंथेटिक टाका, ५डब्ल्यू-४०, थंडीची काळजीच मिटली." त्याचं तिकडचं खरंच होतं. लडाखमध्ये साधं डिझेलसुद्धा गोठतं, म्हणून २०१९ पासून तिकडे उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल मिळतं. पण कॅनचा भाव बघून मी थांबलो, आणि हे आकडे म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेतलं.

डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यूच्या ऑइलची सेल्फनं इंजिन फिरण्याची चाचणी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. म्हणजे आपल्या पाच-सात अंशांत यातलं कोणतंच ऑइल हद्दीबाहेर जात नाही. पाच-चाळीस फायद्याचं ठरतं ते बर्फात. मग माझं इंजिन का अडत होतं? एक तर मागचा आकडा, म्हणजे इंजिन तापल्यावरचा जाडपणा. १०० अंशांवर ४० ग्रेडचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (जाडपणाचं माप) असतो, ५० चा १६.३ च्या पुढे. २०डब्ल्यू-५० गरम असतानाही जाड आणि थंडीतही जाड. हद्दीत असणं वेगळं आणि नऊ हजार तासांच्या इंजिनला पहाटे सोपं जाणं वेगळं. दुसरं कारण बॅटरीत निघालं. अर्थिंगच्या केबलच्या टोकाला पांढरी-हिरवी बुरशी चढली होती, खालचा नट हातानं फिरत होता. टोक घासून, ग्रीस लावून कसलं तेव्हा सेल्फ जरा जोरात फिरू लागला. काटा उचलायला तरी नऊ सेकंद लागलेच.

कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्यापासून १५डब्ल्यू-४० लिहिलेलं होतं. तेच घ्यायचं ठरवलं. आता प्रश्न कॅनवरच्या अक्षरांचा, म्हणजे ऑइलच्या दर्जाचा. पुस्तिकेत सीएफ-४ किंवा त्यापेक्षा वरचं. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. रिंगांतून गळणाऱ्या धुरामुळे जुन्या इंजिनच्या ऑइलमध्ये काजळी जास्त जाते, आणि सीआय-४ ती चांगली धरून ठेवतं. म्हणून मी सीआय-४ प्लस घेतलं. सीके-४ सुद्धा चालतं, ते मागच्या दर्जांची जागा घेऊ शकतं. एफए-४ मात्र घेऊ नका. ते पातळ ऑइल आहे, नव्या बनावटीच्या इंजिनांसाठी, जुन्यासाठी नाही.

नागपूरला एका दुकानात स्वस्तात कॅन दाखवला. झाकणाची सीलची कडी आधीच सुटलेली, बॅच नंबर पुसट. दुकानदार म्हणाला, "माल एकच हाय जी, घ्या बिनधास्त." मी कॅन तिथंच ठेवून आलो. साडेसात लिटरमध्ये दोन-चारशे रुपये वाचवायचे आणि क्रँक धोक्यात घालायचा, हे मला पटत नाही. पंपावरून सीलबंद घेतलं, जास्त पैसे देऊन.

बदलताना इंजिन गरम करून ड्रेन नट काढला. वीस-पन्नास काकवीसारखं जाड धारेनं पडत होतं. फिल्टर नवा घातला. चांगल्या डिटर्जंटचं ऑइल जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून पुस्तिकेतल्या २५० तासांची वाट न बघता पहिला बदल १०० तासांनी केला. तो फिल्टर कापून बघितला तर कागदाच्या घड्यांत काळं लोणी भरलेलं. दुसऱ्या फिल्टरमध्ये त्याच्या निम्मंही नव्हतं.

नवं ऑइल भरल्यावर दुसऱ्याच पहाटे पुन्हा मोजलं. पाच सेकंदांत काटा वर आला. खरी परीक्षा यंदाच्या मे महिन्यात होती. पऱ्हाटीचं वावर रोटाव्हेटरनं काढताना दुपारी तीनला इंजिन पुरतं तापलेलं असताना आयडलला आणून बघितलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता, खालच्या टोकाला, पण पट्ट्यात. ऑइल आता १०० तासांत साधारण अर्धा लिटर कमी होतं. या वयाच्या इंजिनला तेवढं चालतं. लेव्हल न हलण्यापेक्षा थोडी उतरलेली मला जास्त भरवशाची वाटते.

मडगार्डच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटनं लिहून ठेवलंय: ९,१४० तास, १५-४०, सीआय-४ प्लस. खाली पुढच्या ओळीसाठी जागा सोडली आहे.