तीन दिवसांचा भिक्षू

आरंभशूर माणसाला जपानीत 'मिक्का बोझु' म्हणतात, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. डोकं भादरून मोठ्या उत्साहाने मठात शिरला आणि चौथ्या दिवशी पहाटे उठायचं जिवावर आलं म्हणून घरी परतला. हा शब्द मला जपानी शिकायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात भेटला, त्यामुळे थोडक्यात वाचलो.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या मैत्रिणीची मातृभाषा इंग्रजी. आमचं पुस्तकही इंग्रजीतलं, तेव्हा तिलाच सोपं जायला हवं होतं. पण 'होन ओ योमिमासेन' हे वाक्य आलं आणि ती वैतागली. पुस्तक आलं, वाचणं आलं, आणि 'नाही' मात्र अगदी शेपटाला! "म्हणजे वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून बसायचं?" मी आयुष्यभर 'मी पुस्तक वाचत नाही' असंच बोलत आलोय; श्वास रोखल्याचं कधी जाणवलं नाही.

काताकाना लिपीत तिने उट्टं काढलं. परक्या भाषांतून आलेले शब्द या लिपीत लिहितात, आणि त्यांत इंग्रजी भरपूर. पण तिथेही गंमत आहेच. 'मान्शोन' म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. 'कोन्सेन्तो' म्हणजे संमती नव्हे, भिंतीवरचा प्लगपॉइंट! घरचाच माणूस परदेशी जाऊन आला आणि दारात ओळख देईना, असा तिचा चेहरा झाला.

मग एके दिवशी तिने हिशोब मांडला. अमेरिकेत राजनैतिक अधिकाऱ्यांना परभाषा शिकवणारी सरकारी संस्था इंग्रजी भाषकाला जपानीसाठी वर्गातले सुमारे 2200 तास धरते. स्पॅनिशला साधारण त्याच्या एक तृतीयांश. रोज अर्धा तास म्हणजे 4400 दिवस, बारा वर्षं. शिवाय कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अर्थवाही चिन्हं. रोजच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच 2136 चिन्हांची. त्यातलं 'जीवन'वालं एकच चिन्ह कुठे 'सेइ', कुठे 'शो', कुठे 'नामा' असं वाचायचं. त्या दिवशी तिने वही मिटली. माझं मत विचाराल तर भाषेपेक्षा हा गुणाकारच जास्त माणसं घरी पाठवतो.

कौतुकाचाही फार भरवसा धरू नये. परदेशी माणसाने नुसतं 'कोन्निचिवा' म्हटलं तरी 'निहोंगो जोउझु देसु ने', किती छान जपानी बोलता हो, असं ऐकायला मिळतं. खरंच बोलता यायला लागलं की हे कौतुक आटतं, असं शिकणारे आपसांत म्हणतात. आम्ही दोघं अजून भरघोस कौतुकाच्या टप्प्यात आहोत.

वही मिटल्याला पंधरा दिवस झाले होते. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. ती एक जपानी चित्रपट बघत होती, इंग्रजी सबटायटल लावूनच. नायिका स्टेशनात रडत उभी, आणि तिच्या डोक्यावर पाटी. पहिलं चिन्ह 'बाहेर पडणे', दुसरं साधा चौकोन, म्हणजे 'तोंड'.

"देगुची!" ती ओरडली. "बाहेर जायचा रस्ता! मी वाचलं, खाली सबटायटल नव्हतं!"

नायिका का रडत होती, असं मी विचारलं. ते तिला सांगता येईना. चित्रपट तिथेच थांबवून ती मागच्या भिंतीवरच्या बाकीच्या पाट्या शोधत बसली होती.