प्रदीप भिडे गेले

मंगळवारी 7 जून 2022 ला दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे गेल्याचं मोबाईलवर वाचलं आणि आधी कानात आला तो त्यांचा "नमस्कार". मग आजीचं "गप बसा रे पोरांनो, बातम्या लागल्या". दोन दिवस झाले, मन कशातच लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले. आमची त्यांची काही ओळख नव्हती, मी त्यांना समोरून कधी पाहिलंसुद्धा नाही, पण घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय आणि माझ्या वयाच्या खूप जणांचं हेच झालं असणार याची मला खात्री आहे.

आम्ही सासवडचे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आमच्या घरी टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. सिंहगडावरच्या टॉवरमुळे चित्र दिसायचं, वारा सुटला की दादा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही सगळे ओरडायचो, आलं, आलं, गेलं, परत फिरव. सिनेमा असला की गल्ली गोळा व्हायची ते सगळेच सांगतात, पण आमच्याकडे संध्याकाळच्या मराठी बातम्यांनासुद्धा माणसं यायची. शेजारचे तात्या चप्पल दाराबाहेर काढून उंबऱ्यापाशी बसायचे, बातम्या झाल्या की उठून जायचे. आई स्वयंपाकघरातून नुसतं ऐकायची, आणि भिडे असले की तिला पोळ्या करता करता सगळं कळायचं, बाहेर येऊन "काय म्हणाला तो?" असं विचारावं लागायचं नाही.

त्या काळात दूरदर्शनवर एकापेक्षा एक माणसं होती. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी तिथे बातम्या वाचलेल्या, अनंत भावे होते, ज्योत्स्ना किरपेकर, चारुशीला पटवर्धन होत्या. प्रत्येकाची वेगळी ढब. भिडे सत्तरच्या दशकात आले आणि पुढे चाळीसेक वर्षं ते काम करत राहिले, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट गेला, रंगीत आला, केबल आली, मुंबई दूरदर्शनचं सह्याद्री झालं, आम्ही शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून नोकरीला लागलो, आणि मध्येच कधी सह्याद्री लावलं की हे आपले तिथेच, तोच स्वच्छ आवाज.

आता बातम्या वाचताना समोर प्रॉम्प्टर असतो, म्हणजे पडद्यावर मजकूर सरकत जातो, तेव्हा कागद असायचे. त्या कामातली अवघड गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. खाली बघून वाक्याचा शेवट आधी डोळ्यात साठवायचा, मग मान वर करून तो आपल्याकडे बघत म्हणायचा, आणि म्हणता म्हणता पुढच्या ओळीकडे जायचं, ते सुद्धा बघणाऱ्याला कळू न देता. मध्येच एखादी ताजी बातमी चिठ्ठीवर लिहून यायची, ती आधी वाचून बघायला वेळ नाही, सरळ लोकांसमोर वाचायची. भिडे वाचताना कुठे अडखळले तर आम्ही एकमेकांकडे बघायचो इतकं ते दुर्मिळ होतं. आणि गावांची नावं! गडहिंग्लज, अक्कलकुवा, सिरोंचा, देऊळगाव राजा, जिथलं तिथल्यासारखं. बाबा म्हणायचे, या माणसाने अख्खा महाराष्ट्र पायी फिरलेला असणार.

शाळेत परिपाठाला रोज एकाने पेपरातल्या बातम्या वाचायच्या असत. आमच्या वर्गातली सगळी मुलं "आजच्या ठळक बातम्या" हे त्यांच्यासारखं म्हणायला बघायची. मुलींनाही तसाच जाड आवाज काढायचा असायचा. आमच्या बाई म्हणायच्या, आवाज राहू दे गं, भिडे कुठे थांबतात ते शिक. मी आता स्वतः शाळेत शिकवते आणि वाचनाच्या तासाला मुलांना अजून हेच सांगते, फक्त नाव सांगितलं तर मुलांना कोण ते कळत नाही.

त्या सगळ्या दूरदर्शनच्या बातम्यांचा आमच्या घराशी खरा संबंध आला तो 1993 ला. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून दमून झोपलेले. माझ्या आत्याचं सासर उमरगा तालुक्यातलं. फोन लागत नव्हता, तार गेली की नाही ते समजत नव्हतं. संध्याकाळी टीव्हीसमोर आजी, बाबा, काका, आणि कोणी काही बोलत नाही. बातम्यांमधे गावांची नावं यायची, किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, होळी, मंगरूळ, आणि प्रत्येक नावाला आजी मान हलवायची, नाही, हे नाही. त्या दिवसांत दूरदर्शनच्या निवेदकांनी कोणीही आवाज चढवला नाही, भयानक संगीत लावलं नाही, रडणाऱ्या बाईच्या तोंडापुढे माईक धरून "तुम्हाला कसं वाटतंय" विचारलं नाही. आकडे सांगितले, नावं सांगितली, मदत कुठे पोचली ते सांगितलं. आमच्या घरात तेव्हा इतकी भीती होती की त्यात टीव्हीने आणखी भर घातली असती तर आजी टिकली नसती असं मला आजही वाटतं. मग काका एसटीने आणि पुढे ट्रकने गेले, आत्या सुखरूप होती, घराची एक भिंत पडली होती.

भिडेंच्या वाचण्यात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. त्यांचा आवाज इतका भारदस्त होता की त्यांना हवं असतं तर त्यांनी आपल्याला सहज घाबरवलं असतं, रडवलं असतं. त्यांनी ते केलं नाही. बातमी आपल्यापर्यंत नीट पोचवली आणि ती ऐकून काय वाटून घ्यायचं ते आपल्यावर सोडलं. हल्ली कुठलंही चॅनल लावा, पहिल्या वाक्यातच समजतं की निवेदकाची अपेक्षा काय आहे, आपण चिडायचं आहे की हळहळायचं आहे. मला त्याचा मनापासून त्रास होतो.

बातम्यांशिवाय त्यांचा आवाज किती ठिकाणी होता, माहितीपट, जाहिराती, मोठमोठ्या समारंभांचं सूत्रसंचालन. लोक ते पण आठवून लिहितायत, आणि लिहावंच, पण आमच्यासाठी ते बातम्यांचेच.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, फार चांगला मुलगा होता." मुलगा म्हणाली.

आता एक विनंती. तेव्हा बातम्या थेट जायच्या, टेपा महाग, पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यामुळे जुन्या बातमीपत्रांचं चित्रण फार कमी उरलंय. मी काल रात्री यूट्यूबवर बराच वेळ शोधत होते, हाताशी जे लागलं ते बहुतेक अलीकडचं. ऐंशी-नव्वदच्या काळात ज्यांच्याकडे व्हीसीआर होता आणि सिनेमा रेकॉर्ड करताना आधीच्या बातम्यांचा तुकडा चुकून कॅसेटवर आला असेल, त्यांनी प्लीज माळ्यावरच्या कॅसेटी एकदा काढून बघा. बुरशी धरली असेल तरी टाकू नका, साफ करून डिजिटल करून देणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत. पाच मिनिटांचा तुकडा मिळाला तरी चालेल, मला तो माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकवायचाय.