खुंट जंभेरीचा, मग फळ संत्र्याचं कसं?

"वहिनी, खुट जंभेरीचा हाये, मुळी जंभेरीची हाये, पाणीबी थेच ओढते. मंग संत्रा आंबट काऊन नाई होत?"

कलमा न्यायला आलेल्या लोकांपैकी कोणी ना कोणी दर हंगामात हे विचारतोच. आमची नर्सरी वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाटच्या अंगाला. इकडे नर्सऱ्यांना तोटा नाही आणि प्रश्न विचारणाऱ्यांनाही नाही. गिऱ्हाइकाने असं काही काढलं की सासरे हातातलं काम न सोडता म्हणतात, "सूनबाईले विचारा, तिनं झाडाचंच शिक्षण घेतलं." गाडीत कलमा भरल्या जात असताना उभ्याउभ्या सांगायचं म्हणजे "डोळा ज्याचा, फळ त्याचं" एवढ्यावर भागवावं लागतं. समोरचा मान हलवतो आणि पटलं नसल्याचं तोंडावर घेऊन जातो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते. थोडं पेशींमध्ये शिरावं लागेल, त्याला इलाज नाही.

ज्यांनी खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, डोळा, म्हणजे फांदीवरची कोंबाची कळी, बांधताना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी तेवढं. जंभेरी म्हणजे खरबरीत, जाड सालीचं आंबट लिंबू. खायला कोणी नेत नाही, पण मूळ दणकट. खुंटासाठी त्याच्या बियांची पन्हेरी, म्हणजे वाफ्यात रोपं, करतात. रोपाचं खोड पेन्सिलीएवढं झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला 'टी' अक्षरासारखा काप देतात, साल दोन्हीकडून अलगद उचलतात आणि संत्र्याच्या डोळकाडीवरून, म्हणजे डोळे घ्यायच्या फांदीवरून, ढालीच्या आकारात काढलेला डोळा आत सरकवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली की झालं.

पण साल हवी तेव्हा सुटत नाही. रोप पाण्यावर असेल, हवेत ऊब असेल तर ती नखानेही उचलली जाते. ताण बसला असेल किंवा थंडी कडक पडली असेल तर चिकटून बसते आणि ओढली की फाटते. सुटलेल्या सालीखाली बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. साल आणि लाकूड यांच्या मध्ये पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, कॅम्बियम म्हणतात त्याला. खोड जाड होतं ते याच्या जिवावर. त्यातल्या पेशी विभागत असल्या की नव्या पेशींच्या भिंती कोवळ्या, पातळ असतात आणि जरा ओढलं की तुटतात. साल सुटते ती तिथून. आमच्याकडची डोळे बांधणारी माणसं काम सुरू करायच्या आधी एखाद्या रोपाची साल नखाने उचलून पाहतात. सूक्ष्मदर्शक नसताना पेशीविभाजन चालू आहे की नाही हे तपासायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

आता पेशी. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला लहान लहान कप्पे दिसले. बूच म्हणजे एका झाडाची सालच, तेव्हा त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. जिवंत पेशीत भिंतीच्या आत एक पातळ पटल, त्यात पेशीद्रव्य आणि पेशीद्रव्यात केंद्रक असतं. हिरव्या भागात हरितलवकं असतात. वाढ पुरी झालेल्या पेशीत मधली बहुतेक जागा रिक्तिकेने, म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेल्या पदार्थांच्या पिशवीने व्यापलेली असते. ही रिक्तिका लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे झाडाची पेशी जागची हलू शकत नाही. आपल्या हाताला कापलं तर कातडीच्या पेशी सरकत सरकत जखमेवर येतात. झाडाला ती सोय नाही. कापलेल्या जागी जुनं लाकूड जुन्या लाकडाला कधीही जुळत नाही. जंभेरीच्या खाचेत संत्र्याचा डोळा कितीही घट्ट बसवा, ज्या पेशी तुम्ही कापल्या आणि टेकवल्या त्या जुळत नाहीत. जुळतात त्या नंतर तयार झालेल्या नव्या पेशी. लोकांच्या मनात असतं की दोन्हीकडचा रस एकमेकांत मुरतो आणि झाड एक होतं. खरा गोंधळ इथूनच सुरू होतो.

नवी पेशी होते कशी, तर जुनीचे दोन भाग होऊन. पेशी पेशीपासूनच होते हे १८५५ साली फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं. रेमाक नावाचा दुसरा शास्त्रज्ञ तेच त्याच्या आधी सांगत होता, पण नाव फिरखोचं झालं, जगाची रीतच आहे. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचपट्टीवर दाबायचो आणि विभागणारी पेशी शोधत बसायचो. बहुतेक पेशींत केंद्रक नुसतं गोल, शांत. एखादीतच गुणसूत्रं दिसायची, काळसर लाल दोऱ्यांसारखी. विभागण्याच्या आधीच पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करून ठेवते. मग गुणसूत्रं आखडून जाड होतात, मध्यावर ओळीने लागतात, आणि प्रत्येकाची दोन अर्धुकं दोन टोकांकडे ओढली जातात. संत्र्यात ही गुणसूत्रं १८. जंभेरीतही १८, पण त्यांतला मजकूर जंभेरीचा. दोन केंद्रकं झाली की पेशीच्या बरोब्बर मध्ये भिंतीच्या मालाने भरलेल्या बारीक पिशव्या गोळा होतात, एकमेकींत मिसळतात आणि ती नवी भिंत मधून कडेकडे वाढत जुन्या भिंतीला जाऊन टेकते. प्राण्यांची पेशी बाहेरून आवळली जाऊन तुटते. झाडाची आतून भिंत घालून वेगळी होते.

पट्टीखाली हेच चाललेलं असतं. कापलेल्या पेशी मरतात आणि त्यांचा तपकिरी पापुद्रा राहतो. त्यांच्या मागच्या जिवंत पेशी विभागू लागतात आणि पांढरट, मऊ, दाणेदार भर तयार होते. तिला कॅलस म्हणतात. थोडा कॅलस जंभेरीकडून येतो, थोडा डोळ्याकडून. दोन्ही मध्ये भेटतात, पापुद्रा फुटतो, भिंती चिकटतात आणि भिंतींमधून जिवंत धाग्यांनी पेशी पेशीशी जोडली जाते. डोळ्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत असतं. त्याच्या वाटेवरच्या कॅलसच्या पेशी नव्या कॅम्बियमच्या होतात आणि इकडचा थर तिकडच्या थराला मिळतो. मग आतल्या बाजूला पाणी वाहणाऱ्या नळ्या, बाहेरच्या बाजूला साखर वाहणाऱ्या. पाण्याच्या नळीची पेशी तर आधी भिंत जाड करते, मग आतलं सगळं स्वतःच पचवून मरते, आणि मेल्यावर कामाला लागते. साधारण तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर धरला, काळा पडला तर गेला.

या सगळ्या गडबडीत जंभेरीची पेशी विभागली तर दोन जंभेरीच्याच होतात आणि संत्र्याची विभागली तर दोन संत्र्याच्याच. शेजार झाला, देणंघेणं सुरू झालं, पण केंद्रक ज्याचं त्याच्याकडे. जोडाच्या वर जी फांदी, पान, फूल येतं ते डोळ्याच्या टोकावरच्या पेशींपासून. झाड म्हातारं झालं तरी ही हद्द पुसली जात नाही.

आता आंबटपणा. लोक समजतात की जंभेरीची मुळी आंबट रस वर चढवते. मुळी चढवते पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं. संत्र्याची एक फोड सोलून पाहा. आत रसाच्या लांबट गोळ्या असतात आणि प्रत्येक गोळी बारीक देठाने फोडीच्या पापुद्र्याला धरून असते. फूल-फळाच्या अगदी कोवळ्या अवस्थेत त्या पापुद्र्याच्या पेशी विभागून केसासारखे उंचवटे येतात, त्यांच्या पुढे या गोळ्या होतात. एकेक गोळी म्हणजे अनेक पेशी. पानांत तयार झालेली साखर तिथे येते, आणि सायट्रिक आम्ल त्या गोळ्यांच्या पेशीच बनवतात आणि आपल्या रिक्तिकेत भरून ठेवतात. किती बनवायचं, किती साठवायचं आणि पिकताना किती कमी करायचं, हे त्या पेशीच्या केंद्रकात लिहिलेलं. ते केंद्रक संत्र्याचं आहे. जंभेरीचं आम्ल जंभेरीच्या फळात तयार होतं, आणि ते फळच तुम्ही धरू दिलेलं नाही. म्हणून संत्रा आंबट होत नाही.

खुंटाचा काहीच परिणाम नाही असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. जंभेरीवरचं झाड जोमाने वाढतं, फळ मोठं येतं, साल जाड राहते आणि रसातली गोडी थोडी पातळ पडते. पाणी, खनिजं, संप्रेरकं जोडातून ये-जा करतात, रोगही करतात. ट्रिस्टेझा या लिंबूवर्गातल्या रोगाचा विषाणू आजारी झाडाच्या डोळ्याबरोबर आरामात येतो. म्हणून गिऱ्हाईक खुंटाबद्दल अर्धा तास बोलतं आणि डोळकाडी कोणत्या झाडाची हे विचारतच नाही, तेव्हा मला नवल वाटतं.

"आमचा संत्रा तं बदलला ना पण," असंही येऊन सांगणारे आहेत. बगीच्यात जाऊन पाहिलं की बहुधा एकच गोष्ट निघते. डोळ्याखालून पानसोट, म्हणजे खुंटाचा स्वतःचा फुटवा, फुटलेला असतो, तो वेळेवर काढलेला नसतो, आणि त्याने वरच्या संत्र्याला दाबून टाकलेलं असतं. काटे मोठे, पान चुरगाळलं तर वास लिंबाचा, फळ खरबरीत. संत्रा बदललेला नसतो, जंभेरीने राज्य घेतलेलं असतं. वेळीच दिसलं तर पानसोट बुडापासून काढून टाकता येतो.

खरोखरची सरमिसळ फार क्वचित होते. सतराव्या शतकात इटलीतल्या फ्लोरेन्सला एक कलम गाजलं, त्याला बिझारिया म्हणतात. वरचा डोळा मेला आणि जोडाच्या कॅलसमधून असा कोंब फुटला की त्याच्यात दोन्ही जातींच्या पेशींचे थर होते. एकाच झाडावर महाळुंग, आंबट नारंग आणि दोन्हींचे पट्टे असलेली फळं. तिथेही एकाही पेशीत दोघांचा मेळ नव्हता. थर दोघांचे, पेशी ज्याची त्याची.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: एवढी खटपट कशाला, बीच का लावत नाही? लिंबूवर्गात मजा अशी की एका बीतून दोन-तीन रोपं निघतात. लेव्हेनहूक या डच सूक्ष्मदर्शकवाल्याने १७१९ सालीच संत्र्याच्या एका बीत दोन गर्भ पाहिले होते. त्यातला एक परागापासून: ९ गुणसूत्रं आईची, ९ बापाची. बाकीचे मात्र फुलातल्या आईच्याच पेशींतून, फलनाशिवाय तयार झालेले, म्हणजे हुबेहूब आई. जंभेरीच्या वाफ्यात सगळी रोपं एकसारखी दिसतात ती यामुळे, आणि वेगळं दिसणारं, खुरटं रोप उपटून टाकतात तेही यासाठीच. संत्र्याची बीही अशीच वागते. पण बीचं रोप बालपणातून जातं, काटे काढतं, फळावर यायला कितीतरी वर्षं घेतं. डोळा फळत्या झाडाचा असतो, त्याच्या पेशी वयात आलेल्या असतात. शिवाय बीच्या संत्र्याला मूळ स्वतःचं, त्याला डिंक्यापुढे, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगापुढे, तग धरणं कठीण जातं.

फळाच्या आकारावरूनही याच अंगाने बोलायचं आहे, कारण तिथे पैसे वाया जातात. फूल गळून फळ धरल्यावर पहिले महिना-दोन महिने फळात पेशी विभागत असतात. नंतर विभाजन जवळपास थांबतं, आणि पुढे फळ मोठं होतं ते असलेल्या पेशी पाण्याने फुगून. आंबिया बहारात, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यात, फेब्रुवारी-मार्चला धरलेल्या फळाची पेशीसंख्या पावसाळा लागायच्या आत ठरत आलेली असते. त्या वेळी पाणी तुटलं तर पेशीच कमी होतात. ऑगस्टात कृषी केंद्रातून "साइजची" बाटली आणून फवारली तर आहेत त्या पेशी थोड्या फुगतील, नव्या होणार नाहीत. बाटली विकणाऱ्याला हे ठाऊक असतं की नाही, देव जाणे.

शेवटी हौशी माणसं विचारतात, "एकाच झाडावर संत्रा, मोसंबी अन् लिंबू, तिन्ही धरतीन का?" धरतात. तीन डोळे तीन फांद्यांवर बांधा, सगळे एकाच कुळातले आहेत. पेशी शेजार मान्य करतात आणि प्रत्येक फांदीला आपापलं फळ येतं. लिंबाची फांदी जोरात वाढते, तिला वरचेवर छाटावं लागतं. तिघांचा ताण, म्हणजे बहारासाठी पाणी तोडणं, आणि फवारणीही एकत्र जमत नाही, म्हणून बगीच्यासाठी असं कोणी करत नाही. अंगणात एखादं करायला हरकत नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा खुंट वेगळा काढून ठेवायला सांगते.