म्हैस कोण सोडणार? मुलांसोबत एकांकिका लिहिताना

पावसाळा तोंडावर आला की कॉलेजच्या पोरांना एकांकिका स्पर्धांचे वेध लागतात. "ताई, यंदा एकदम हटके विषय पायजे," हे सांगलीत मला दरवर्षी ऐकू येतं. विषय कधी कमी पडत नाहीत: बेरोजगारी, मोबाइल, शेतकऱ्याची आत्महत्या. त्या विषयातलं नाटक सापडायला मात्र महिने लागतात.

गेल्या वर्षी एका मुलीनं महापूर घेतला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती शाळेत होती. पहिल्या खर्ड्यात सूत्रधार होता, धरणाच्या विसर्गाचे आकडे होते, शेवटी सगळ्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायचं गाणं होतं. लिहिलेलं खोटं काहीच नव्हतं, पण रंगमंचावर कुणाला कुणाकडून काही नकोच होतं.

मी तिला वही मिटायला लावली आणि विचारलं, त्या संध्याकाळी तुमच्या घरात भांडण कशावरून झालं? ती लगेच बोलायला लागली. बोट दाराशी आलेली. आई धाकट्याला घेऊन निघालेली. आज्जी म्हशींपाशी. बापाला दावं कापून निघायचंय आणि आज्जी कोयत्याला हात लावू देत नाही. बांधून ठेवल्या तर बुडतील, सोडल्या तर कुठं जातील?

एकांकिका इथं सुरू झाली. दोघांनाही म्हशी वाचवायच्यात, दोघंही बरोबर आहेत, आणि बोटवाला थांबायला तयार नाही.

आमच्याकडे लिहायच्या आधी उभं राहायचं. दोघं प्रसंग करतात, तिसरा कागदावर उतरवून घेतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची, हे मी मुलांना आवर्जून सांगते. लेखनाची भीती त्यानं बरीच कमी होते. आज्जी झालेला पोरगा चिडून म्हणाला, "तुझ्या बाच्या आधीपास्नं हाय ती या गोठ्यात!" खर्ड्यात त्या जागी होतं, "या मुक्या जनावरांशी माझे भावनिक नाते आहे." खोडायला तिला कुणी सांगावं लागलं नाही.

ब्लॅकआऊटवर मात्र मी हटून बसते. वेब सीरिज बघून वाढलेली ही पिढी, दर दोन मिनिटांनी जागा बदलते आणि प्रत्येक बदलाला अंधार मागते. प्रेक्षक अंधारात बसला की मोबाइल काढतो. म्हणून पहिला पूर्ण खर्डा एकाच जागी, एकाच सलग वेळात लिहायचा. मग प्रश्न आला: पाणी दाखवायचं कसं? प्रोजेक्टरची मागणी झाली. त्यावर नेपथ्य करणाऱ्या मुलानं सुचवलं, सामान वर चढवत न्यायचं. आधी चुलीपुढची लाकडं, मग पिठाचा डबा, मग देव. देव माळ्यावर गेले की पाणी कुठवर आलंय ते कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे संवादांची अख्खी दोन पानं कमी झाली.

"पण ताई, मेसेज?" हा प्रश्न येतोच. तेव्हा मी इथून जवळच्याच हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांकडे जाते. त्यांच्या 1899 च्या 'शारदा' नाटकात जरठ-कुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर, किती प्रखर टीका आहे! पण ती चालते कशावर? कांचनभटाला पैसा हवाय आणि त्यासाठी तो पोटची पोर द्यायला निघालाय. त्याचा लोभ दिसतो म्हणून प्रथेची चीड येते.

वाचनाचा नियम कडक आहे. लेखकानं स्वतः वाचायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, "इथं मला असं म्हणायचंय" तर अजिबात नाही. वाचणारा जिथं अडखळेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. लिहिणाऱ्याला हा तास फार जड जातो, आणि सगळ्यांत जास्त शिकायला इथंच मिळतं असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहितेला मंजुरी देणारं सरकारी मंडळ) संहिता वेळेत पाठवा, लेखकाचं संमतिपत्र लेखी घ्या. लेखक वर्गातलाच असला तरी घ्या. आपल्या लिखाणावर आपला हक्क असतो, हे मुलांना याच वयात कळायला हवं.

तो हक्क तालमीतच कामाला आला. दिग्दर्शकाला शेवटी आज्जीचं भाषण हवं होतं, टाळ्या हमखास. मुलगी म्हणाली, आज्जी त्या रात्री एवढं बोलली नव्हती, मी लिहिणार नाही. बराच वाद झाला, मी मध्ये पडले नाही. प्रयोग भाषणाशिवाय झाला. बाप आणि आज्जी दोघांनी मिळून दावं सोडलं. आता ती दोन अंकी लिहितेय, आणि पहिल्या अंकात सुनेला नेमकं काय हवंय यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.