२० तारखेचा कॉल

मस्जिद बंदरला सुक्या मेव्याची घाऊक विक्री करणाऱ्या एका पेढीचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. चार पीसी, एक प्रिंटर आणि एक फायरवॉल, म्हणजे ऑफिसचं सगळं नेट ज्यातून जातं ते राखणदार यंत्र. जुलैच्या २० तारखेला सकाळी शेठचा फोन आला, "काकांचं नेट गेलंय. आज थ्रीबी भरायचंय, लगेच या." थ्रीबी म्हणजे जीएसटीआर-३बी, महिन्याचं रिटर्न. २० तारीख हुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय कर थकला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ५० रुपयांनी पेढी बुडणार नव्हती, पण शेठना 'लेट' हा शब्दच सोसत नाही.

पाऊस धो धो. ठाण्याहून निघालेली गाडी कुर्ल्याला जी थांबली ती थांबलीच. पोचेपर्यंत पावणेबारा.

काका म्हणजे पेढीचे अकाउंटंट, रिटायरमेंटला आलेले. बाकी तिन्ही पीसींवर नेट व्यवस्थित. काकांनी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉटही जोडून बघितला होता, तरी रडगाणं तेच. म्हणजे लाइन ठीक, खोट पीसीत. पिंग मारला, म्हणजे नेटवरच्या एका मशीनला नुसती हाक मारली, तर उत्तर येत होतं. ब्राउझर मात्र प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे ज्याच्यामार्फत पानं मागवायची तो मधला दलाल, सापडत नाही म्हणून अडून बसलेला. विंडोजचं प्रॉक्सी सेटिंग उघडलं. पत्ता १२७.०.०.१, पोर्ट १०८०.

१२७.०.०.१ हा मशीनचा स्वतःचाच पत्ता. ब्राउझर प्रत्येक पान आधी त्याच पीसीवरच्या एका प्रोग्रामकडे मागत होता आणि तो प्रोग्राम जागेवर नव्हता. पिंग प्रॉक्सीच्या वाटेला जातच नाही, म्हणून ते ठणठणीत. अँटीव्हायरसची नोंद बघितली तर उलगडा झाला. सकाळीच त्याने शॅडोसॉक्स नावाच्या प्रॉक्सी प्रोग्रामची एक्झे फाइल उचलून कोंडून ठेवली होती. प्रॉक्सी क्लायंट, म्हणजे पीसीवरचा तो प्रोग्राम, गेला, त्याने विंडोजला लावलेलं सेटिंग तसंच राहिलं. मी ते बंद केलं आणि जीएसटीचं पोर्टल उघडलं. प्रवास दीड तासाचा, काम दोन मिनिटांचं.

काका ओटीपीची वाट बघत होते. मी विचारलं, "काका, हे कुणी टाकलं?"

ते शेठच्या काचेच्या केबिनकडे बघून हळूच म्हणाले, "भाच्याने. इंजिनीअरिंगला आहे. म्हणाला, मामा, ओपन सोर्स आहे, कोड सगळ्यांना बघता येतो, बिनधास्त वापर."

पोरगा खोटं बोलत नव्हता. क्लाउविंडी या टोपणनावाने वावरणाऱ्या एका चिनी प्रोग्रामरने २०१२ मध्ये परदेशी साइट अडवणाऱ्या तिथल्या सरकारी जाळीतून बाहेर पडायला शॅडोसॉक्स लिहिलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी सांगितल्यावर त्याला कोड काढून टाकावा लागला, पण तोवर तो जगभर पांगला होता आणि बाकीच्यांनी काम चालू ठेवलं. सॉफ्टवेअरबद्दल माझी तक्रार नाही. पण पेढीतल्या अकाउंटंटला चीनच्या भिंतीवरून उडी मारायचं साधन कशाला लागावं?

डाउनलोड्समध्ये फोल्डर तसाच होता. त्यात पॅकची फाइल, म्हणजे कुठली साइट प्रॉक्सीतून न्यायची आणि कुठली सरळ सोडायची त्याची यादी. यादीत गूगल, फेसबुक, यूट्यूब. म्हणजे चीनमध्ये जे बंद, ते नेदरलँड्समधल्या एका सर्व्हरवरून फिरून येणार आणि बाकी सगळं आपल्याच फायरवॉलमधून उघड्यावर जाणार. कॉन्फिगच्या फाइलमध्ये मात्र ग्लोबल चालू केलेलं. म्हणजे नंतर कुणीतरी यादी बाजूला सारून सगळंच तिकडे वळवलं होतं.

"रविवारी त्याने पुन्हा काहीतरी बदललं," काका म्हणाले. "कारण शेठनी मला पुन्हा विचारलं ना."

"काय विचारलं?"

"काका, ठाण्यात घर घेताय का? दिवसभर टीएमसी टीएमसी करताय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मी ठाण्याचा, टीएमसी म्हटल्यावर मलाही आधी ठाणे महापालिकाच आठवली. ठाणे पालिकेची साइट वेगळ्या नावाने आहे. टीएमसी डॉट गव्ह डॉट इन म्हणजे टाटा मेमोरियल सेंटर. परळचं.

"घरच्यांचं आहे," काका म्हणाले. "मार्चपासून. इथे कुणाला सांगितलेलं नाही."

आणि शेठना ते नाव दिसलं कुठून? माझ्या रिपोर्टमधून. एप्रिलमध्ये शेठ म्हणाले, पोरं दिवसभर रील बघतात, कोण काय बघतं ते मला कळू दे. फायरवॉलमध्ये सोय होतीच. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद, असली तर आतलं पान दिसत नाही, पण साइटचं नाव दिसतं. पीसीवार नावांची यादी रोज सकाळी शेठना मेलवर जाईल असं मी लावून दिलं. वर ज्ञानही पाजळलं होतं, की सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस ठेवायचेच असतात. लॉग ठेवायचे, हे खरं. ते चहासोबत वाचायला मालकाला मेल करायचे, असं त्यात कुठेही नाही. रिपोर्टची एक प्रत मलाही येत होती. मी एकदाही उघडली नव्हती.

काकांनी विचारलं, "तुला दिसत होतं का रे?"

"दिसलं असतं. बघितलं नाही."

ते काही बोलले नाहीत. चहा आला, तो दोघांनी प्यायला.

मग त्यांना त्या सर्व्हरचं सांगणं भाग होतं. त्याची किल्ली भाच्याला टेलिग्रामवर फुकट मिळाली होती. क्लायंटचा कोड वाचता येतो, पण तिकडचा सर्व्हर कोण चालवतो ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं. जी नावं माझा फायरवॉल टिपत होता, तीच आता तिकडचा कुणी अनोळखी माणूस टिपू शकत होता. "म्हणजे शेठपासून लपवून परक्याला दाखवलं मी," काका म्हणाले आणि चक्क हसले. फोल्डर उडवला. टाटाचं जे काही बघायचं ते फोनवर बघा, ऑफिसचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, एवढं सांगितलं. भाच्याला रागावू नका, हेही सांगितलं.

थ्रीबी दोनच्या आत भरून झालं. शेठनी केबिनमधूनच विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "सेटिंग बिघडलं होतं." कॉलशीटवरही तेच लिहिलं. निघण्याआधी फायरवॉलमधून रोजचा मेल बंद केला. लॉग राहू दिले.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन. "आज मेल आला नाही."

"बंद केलाय शेठ. लॉग आत आहेत, काही लफडं झालं तर काढून देईन. रोज नावं वाचणं बरं नाही."

ते जरा गप्प झाले. मला वाटलं, आता चिडणार, कदाचित एएमसी, म्हणजे देखभालीचं वर्षाचं कंत्राटही जाणार.

"ठीक," ते म्हणाले. "पण काका ठाण्यात घर घेतायत का, तेवढं तरी सांगा. माझा एक ओळखीचा बिल्डर आहे."

"नाही घेत," मी म्हटलं.