आमची वाटचाल : जुन्या स्पीकरांच्या क्रॉसओव्हरची दुरुस्ती

वडिलांनी गुलमंडीच्या मागच्या बोळात रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा आमच्या छत्रपती संभाजीनगरचे नाव औरंगाबाद होते आणि व्हॉल्व्हचे रेडिओ अजून चालू होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, टेप आले, अ‍ॅम्प्लिफायर आले आणि काम चालत राहिले. त्या वर्षांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही, कारण पोटापुरते मिळत होते आणि कोणाशी वैर नव्हते. आज आमच्याकडे मुख्यतः एकच काम चालते, ते म्हणजे जुन्या स्पीकरांचे क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक स्वर वेगळे करून ते आपापल्या स्पीकरकडे पाठवणारी पेटीतली पट्टी, मूळ स्थितीत आणणे.

या कामाला आम्हांला लावले ते परभणीच्या एका गुरुजींनी. आयुष्यभर गाणे शिकवून ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घरी सेलेशनच्या डिटन 15 ची जोडी होती : जाड स्वरांचा आठ इंची वूफर, बारीक स्वरांचा एचएफ 1300 ट्वीटर आणि खाली लोहचुंबक नसलेला, पेटीतल्या हवेने हलणारा निष्क्रिय कोन. उजव्या पेटीतून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणत्कार, ऐकू येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. दोन ठिकाणी त्यांना ट्वीटर गेल्याचे सांगण्यात आले होते. वडिलांनी मीटर लावून पाहिले, तर ट्वीटरची कॉइल शाबूत होती. दोष क्रॉसओव्हरवरच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये, म्हणजे ट्वीटरकडे फक्त बारीक स्वर सोडणाऱ्या, आत द्रव असलेल्या भागात होता. आतले द्रव सुकत गेले की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. आठ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत असा दोन ओहमचा रोध आला, तर आवाज सुमारे 2 डेसिबलने बसतो आणि पहिली गदा येते ती नेमकी जवारीवर.

मराठवाड्यात हा दोष अधिक आढळतो आणि त्याचे कारण आपले ऊन आहे. उष्णता दहा अंशांनी वाढली की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे. परभणीच्या मे महिन्यात, पारा 42 च्या पुढे गेलेला असताना, पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या पेटीच्या आत काय होत असेल, याचा विचार तिच्या मालकाने अवश्य करावा.

आता जे सांगायचे ते मनाला लागलेले आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्याच दुकानात डाख द्यायला शिकलेल्या एका माणसाने जवळच स्वतःचे दुकान काढले. त्याबद्दल आमची तक्रार नव्हती आणि आजही नाही. तक्रार आहे ती त्याने गिऱ्हाइकांना लावलेल्या सवयीची. जुनी जोडी आली की तो मूळ क्रॉसओव्हर उपटून टाकायचा, त्या जागी बाजारातली तयार प्लेट बसवायचा आणि तासाभरात जोडी परत द्यायचा. काढलेल्या क्रॉसओव्हरवरच्या कॉइली, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, तांब्याच्या भावाने भंगारात जात. आमच्याकडे आठवडा लागतो, त्याच्याकडे एक तास, असे गावभर झाले आणि आम्ही जुन्या मालाच्या नावाखाली लोकांना लुबाडतो, असेही बोलले गेले. त्याच सुमारास लोक होम थिएटरकडे वळले होते. बोळातला गाळा सोडावा लागला, ऑसिलोस्कोप विकावा लागला आणि वडिलांचे टेबल घराच्या मागच्या खोलीत आले. वडिलांनी त्या माणसाबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. मी मात्र ते विसरलेलो नाही.

तयार प्लेटवर ‘3000 हर्ट्झ, 8 ओहम’ असे छापलेले असते आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. परंतु खऱ्या ट्वीटरचा रोध प्रत्येक कंप्रतेला, म्हणजे स्वराच्या उंचीप्रमाणे, बदलतो आणि मूळ कंपनीने त्या विशिष्ट वूफरसाठी, त्या विशिष्ट पेटीसाठी मूल्ये बसवलेली असतात. साधा हिशेब करायचा झाला, तर आठ ओहमला 6.8 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे 2900 हर्ट्झपासून वरचे सोडतो. त्या जागी 4.7 चा पडला, तर ती सीमा 4200 च्या पुढे सरकते आणि गळ्याचा भराव कमी होतो. कित्येक जोड्यांत तर ट्वीटरची तार मुद्दाम उलट जोडलेली असते. ती ‘चूक’ म्हणून सरळ करणाऱ्यांनी किती जोड्या बिघडवल्या असतील, याची गणती नाही.

पडत्या काळात गुरुजींनी आम्हांला सोडले नाही. अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या आपल्या गाणाऱ्या स्नेह्यांना त्यांनी पत्रे लिहिली आणि कॉइल, कंडेन्सर आणि रोध यांची मूल्ये मोजणारा एलसीआर मीटर घेण्यासाठी दुरुस्तीची रक्कम आगाऊ दिली. तो मीटर आजही टेबलावर आहे. कंडेन्सरचा एक पाय सोडवल्याशिवाय आम्ही तो मोजत नाही, कारण पट्टीवर लागलेल्या अवस्थेत मोजले, तर शेजारची कॉइल आणि ट्वीटर आकड्यात मिसळतात. पुष्कळदा जुना कंडेन्सर मीटरवर छापील मूल्यापेक्षा जास्त भरतो. ती तब्येत सुधारल्याची खूण नसून आतून गळती सुरू झाल्याची असते.

स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, फिल्म कंडेन्सर घातला, की त्याचा अंतर्गत रोध नगण्य असल्यामुळे ट्वीटर कर्कश वाटू शकतो. अशा वेळी नव्या कंडेन्सरला दोष न देता त्याच्याशी एकसर जोडणीत एक ओहमच्या आसपासचा वायरवाउंड रेझिस्टर (तारेचा रोधक) लावून ऐकावे. क्रॉसओव्हरवरच्या कॉइलला मात्र हात लावू नये. ती क्वचितच बिघडते आणि बारीक तारेची नवी बसवली, तर वूफरची पकडच बदलते. पट्टीवर दोन कॉइली एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दिसल्या, तर त्या तशाच राहू द्याव्यात. एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत उतरू नये, यासाठी ती रचना असते.

अलीकडे ते तासाभराचे दुकान बंद झाले आणि तिथून फिरून आलेल्या जोड्या आता आमच्याकडे येतात. मूळ पट्टी हरवलेली असते, म्हणून त्याच मॉडेलची दुसरी जोडी मिळवून तिच्यावरून कॉइली मोजून नव्याने गुंडाळाव्या लागतात. हे काम महाग पडते आणि ते आम्ही आधीच सांगतो. ज्यांना क्रॉसओव्हर पाठवायचे असतील, त्यांनी एकाच बाजूला दोष वाटत असला तरी दोन्ही पट्ट्या पाठवाव्यात, काढण्यापूर्वी तारांचे रंग कागदावर उतरवून ठेवावेत आणि आधी कोणी काही बदलले असल्यास तो जुना भाग फेकून न देता त्याच खोक्यात ठेवावा.